पाभर कोणाची?

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला धाकटी बहीण पहूरला आली, तेव्हा तिच्याबरोबर भाचीही आली होती. ओवाळून झाले, तबकात ओवाळणी पडली, चकल्या-करंज्यांच्या बश्या दोनदा फिरल्या. आणि मग भाचीने पिशवीतून चार पानांचा एक छापील कागद काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "मामा, यावर सही करून द्यायची आहे. तुम्ही एकदा वाचा आणि सांगा, करू की नको?"

भाची एका संस्थेत केळीवर संशोधन करते. कच्च्या केळीच्या चकत्या वाळवून त्यांचे पीठ करतात. चकत्या वाळताना काळ्या पडतात, पीठही काळे होते आणि मग त्याला भाव येत नाही. चकत्या काळ्या पडू नयेत म्हणून तिने एक युक्ती बसवीत आणली आहे. जळगाव जिल्ह्यात केळीचा माल किती निघतो आणि भाव पडला म्हणजे त्यातला किती बांधावर टाकावा लागतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या युक्तीचे मोल सांगावे लागणार नाही.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले. कायद्याशी माझा संबंध सातबाऱ्याच्या उताऱ्यापुरता. तरी चष्मा लावून कागद वाचला. तात्पर्य असे, की संस्थेत असताना आणि संस्थेची साधने वापरून मी जे जे नवे शोधीन त्याची मालकी संस्थेची राहील, आणि ती मालकी मी याद्वारे संस्थेला देत आहे. म्हणजे जे अजून पुरते सुचलेलेही नाही, ते आजच देऊन टाकायचे होते.

"सही केली नाही तर?" मी विचारले.

"तर प्रकल्पाचे पैसे मिळायचे नाहीत," ती म्हणाली.

मी वर पाहिले. समोरच्या भिंतीवर वडिलांच्या नावाचे एक प्रशस्तिपत्र चौकटीत लावलेले आहे. साठ वर्षांहून अधिक काळ ते तिथेच आहे. रोज दिसणारी वस्तू माणसाला दिसेनाशी होते, तसे माझे त्याच्याबाबत झाले होते. त्या दिवशी ते पुन्हा दिसले आणि भाचीला उत्तर देण्याचा माझा उत्साह एकदम ओसरला.

त्याची हकीकत सांगितली पाहिजे. आमच्याकडे एक सालदार होता. आम्ही मुले त्याला नाना म्हणत असू. आखाजीला त्याचे साल ठरे. इतकी ज्वारी, इतके रुपये, एक धोतरजोडी, एक जोडा. साल ठरले म्हणजे पुढच्या आखाजीपर्यंत त्याचा दिवस आमचा आणि रात्रीची राखणही आमचीच. त्या वर्षी पेरणीच्या ऐन वेळी पाऊस लागून राहिला. काळी माती ओली झाली म्हणजे पाभरीच्या नळ्या खालून तुंबतात. चाड्यावर मूठ धरणाऱ्याला वाटते बी पडते आहे, आणि उगवण झाल्यावर कळते की ओळीच्या ओळी रिकाम्या गेल्या. नानाने सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून नळ्यांच्या खालच्या तोंडाशी अशा बेताने बांधले, की बी खाली सुटे पण चिखल आत शिरेना. दोन दिवस तो गोठ्यात बसून हे करीत होता. ते दोन दिवस काम बुडाले म्हणून वडील त्याच्यावर रागावले होते, हेही मला आठवते.

उगवण साधली. शेजारचे लोक पाहून गेले. पुढे जामनेरला शेतकी प्रदर्शन भरले. वडील पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीने गेले, आणि नाना पाभर बैलगाडीत घालून सडकेने गेला. पाभरीला बक्षीस मिळाले. प्रशस्तिपत्रावर नाव वडिलांचे. घरी पेढे वाटले. नानाला एक नवे धोतर दिले, आणि ते त्याने आनंदाने घेतले. आईने त्या रात्री एवढेच विचारले, "पाभर आपली हो, पण सुचले कुणाला?" वडील म्हणाले, "लाकूड माझे, लोखंड माझे, बैल माझे, शेत माझे, आणि त्याचे सालही मीच भरतो. मग पाभर दुसऱ्या कोणाची?"

आज मागे वळून पाहताना वाटते, की भाचीच्या संस्थेने चार पानांत जे लिहिले, ते माझ्या वडिलांनी एका वाक्यात सांगितले होते.

वडिलांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. विद्यापीठाचेही नसते. प्रयोगशाळेची इमारत, महागडी यंत्रे, रसायने, वीज, ग्रंथालय, मार्गदर्शन, पगार हे सारे कुठून येते? आपल्याकडे तर बहुतेक सरकारातून, म्हणजे लोकांच्या करांतून येते. एखाद्याने हे सगळे वापरून शोध लावायचा आणि उद्या तो खिशात घालून एखाद्या कारखानदाराला विकायचा, तर लोकांनी एकदा कर भरून आणि पुन्हा किंमत मोजून, असे दोनदा पैसे द्यायचे. हे न्यायाचे नाही. शिवाय एकट्या संशोधकाला पेटंटचा खर्च झेपत नाही आणि कोर्टात भांडणे तर मुळीच झेपत नाही. संस्था पाठीशी असली तर शोध निदान कागदावरून बाजारापर्यंत पोचतो.

पण जगाने या प्रश्नाचे एकच उत्तर दिलेले नाही, हेही खरे. अमेरिकेत १९८० साली बाय-डोल नावाचा कायदा झाला. सरकारी पैशाने विद्यापीठात लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला ठेवता येऊ लागली, आणि तेव्हापासून जगभरच्या विद्यापीठांना पेटंटांची गोडी लागली. आपल्याकडेही त्याच धर्तीचे एक विधेयक २००८ साली राज्यसभेत आले, पण त्याचा कायदा झाला नाही. संस्थांनी आपापले नियम मात्र केले. जर्मनीत प्राध्यापकाचा शोध पूर्वी प्राध्यापकाचा असे. २००२ पासून विद्यापीठाला तो आपल्याकडे घेता येतो, पण त्यातून येणाऱ्या उत्पन्नाचा तीस टक्के वाटा शोधकाला द्यावा लागतो. स्वीडनमध्ये मात्र विद्यापीठातल्या शिक्षकाचा शोध अजूनही शिक्षकाचाच. शेजारशेजारच्या देशांत जर इतका फरक, तर यातले कोणतेच उत्तर सूर्य पूर्वेला उगवतो अशा जातीचे नाही. ते माणसांनी ठरवलेले आहे, आणि माणसांनी ठरवलेल्या गोष्टीला न्यायाची कसोटी लावता येते.

भाचीच्या कागदातला 'याद्वारे' हा शब्द मला खटकला होता, त्यालाही इतिहास आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका संशोधकाने विद्यापीठाला लिहून दिले होते, की मी शोधाची मालकी देण्याचे कबूल करतो. पुढे एका कंपनीत तो काही काम शिकायला गेला, तेव्हा त्या कंपनीच्या कागदावर त्याने सही केली. त्यात होते, मी याद्वारे मालकी देतो. शोध एड्सच्या विषाणूच्या चाचणीचा होता. भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०११ साली विद्यापीठ हरले. न्यायालयाने सांगितले, की शोध मुळात शोधणाऱ्याचा असतो. कोणी नुसता पगार किंवा पैसा दिला म्हणून तो आपोआप त्याचा होत नाही, तो शोधणाऱ्याने द्यावा लागतो. हे वाचून मला आईची आठवण झाली. तिने विचारलेल्या प्रश्नाचे पहिले अर्धे उत्तर एवढ्या मोठ्या न्यायालयाने दिले होते. उरलेले अर्धे असे, की शोधणाऱ्याने तो द्यावा. पण त्याला नाही म्हणायची सोय नसेल, तर त्या देण्याला देणे म्हणावे का? नानाला आखाजीला दुसरे घर शोधता येत होते, असे वडील म्हणत. भाचीलाही दुसरी संस्था शोधता येईल.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचार करताना माझ्या लक्षात आले, की मालकी हा एक शब्द वापरून आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधतो. एक, शोधाला नाव कोणाचे. दुसरी, त्याचे दाम कोणाला. तिसरी, त्याचे दार कोणाच्या हाती. म्हणजे तो कोणी वापरावा आणि कोणी वापरू नये, हे कोण ठरवणार. वडिलांनी तिन्ही गोष्टी लाकूड आणि बैल यांच्या जोरावर घेतल्या. वास्तविक लाकूड आणि बैल यांच्यावरून नाव ठरत नाही.

नावाबाबत आपला कायदा स्वच्छ आहे. १९७०च्या पेटंट कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात, मालकी दुसऱ्याची असली तरी शोधकाला आपले नाव शोधक म्हणून नोंदवून घेता येते, आणि त्या नोंदीने मालकाच्या हक्काला धक्का लागत नाही. कायद्याने गाठोडे सोडून नाव वेगळे काढून ठेवले, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

आपल्या पहूरवरून वाहणारी वाघूर अजिंठ्याच्या लेण्यांपाशी वळसा घेऊन येते. तिथल्या सोळाव्या लेण्यात एक लेख आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने हे लेणे दान दिले, असे त्यावरून कळते. देणाऱ्याचे नाव दीड हजार वर्षे टिकले. ज्यांनी त्या भिंतींवर रंग चढवले, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. लहानपणी सहलीला गेलो तेव्हा गुरुजींनी हे कौतुकाने सांगितले होते. म्हणाले, पाहा, केवढी ही निःस्वार्थ वृत्ती! तेव्हा मलाही ते पटले. आता वाटते, की चितारणाऱ्याला कोणी विचारले होते का? नाव न लिहिण्याची निवड त्याने स्वतः केली असेल तर ती वृत्ती थोर. ती दुसऱ्याने त्याच्यासाठी केली असेल तर तिला दुसरे नाव द्यावे लागेल.

याच्या उलट एक उदाहरण आमच्या खानदेशातच आहे. असोद्याच्या माहेरच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या ओव्या रचीत, आणि कागदावर उतरवून घेत ते त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातली मंडळी. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. १९५१ साली आई गेल्यावर १९५२ साली त्या गाण्यांचे पुस्तक निघाले, ते आईच्या नावाने निघाले. कागद मुलाचा, शाई मुलाची, अक्षर मुलाचे. पण गाणे आईचे. आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव दिले गेले. जिला सही करता येत नव्हती, तिचे नाव आज पदवीच्या कागदावर आहे. विद्यापीठांनी मालकीचे नियम करताना एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुष्कळ काम होईल.

येथपर्यंत विचार आला तेव्हा मला समाधान वाटले. नाव ज्याचे त्याला द्यावे, म्हणजे झाले, असे मी मनाशी ठरवले. शिक्षकाला असे समाधान फार लवकर होते. पण दादाजी खोब्रागडे यांची हकीकत आठवली, आणि ते समाधान टिकले नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक लहान गाव आहे. तिथल्या या अल्पभूधारक शेतकऱ्याला १९८३ साली आपल्या शेतात, पटेल ३ जातीच्या धानात, पिवळसर दाण्यांच्या काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, जपून ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या. असे वर्षामागून वर्ष करीत त्यांनी एक बारीक, रुचकर तांदूळ तयार केला. त्या काळी एचएमटीच्या मनगटी घड्याळांची चलती होती, तेच नाव तांदळाला चिकटले. बियाणे हातोहात पसरले. १९९४ साली अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून पाच किलो बियाणे प्रयोगासाठी नेले, आणि १९९८ साली 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने वाण प्रसारित केला. विद्यापीठाचे म्हणणे, आम्ही बियाणे शुद्ध करून वाण सुधारला. दादाजींचे म्हणणे, मुळात तो निवडला मी, आणि माझे श्रेय मला मिळाले नाही.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकते. बियाणे शुद्ध करणे हे खरे काम आहे. ज्याने केले त्याला विचारावे. पण शुद्ध करायला आधी काहीतरी हाती असावे लागते, आणि ते हाती देणारा माणूस दीड-दोन एकरांच्या तुकड्यावर उभा होता. नंतर नाव त्यांना मिळाले. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते सत्कार झाला, २०१० साली फोर्ब्स या परदेशी नियतकालिकाने त्यांची दखल घेतली. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यालाही आपला वाण आपल्या नावे नोंदवता येऊ लागला. बियाणे राखावे, पेरावे, एकमेकांना द्यावे, हाही त्याचा हक्क मान्य झाला. आणि तरी ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले, तेव्हा शेवटच्या आजारात उपचारांसाठीही पैशाची ओढाताण होती. तो तांदूळ आज किती घरांत शिजत असेल! मानपत्रे भिंतीवर लागली होती; दाम कुठेतरी वाटेतच राहिला.

म्हणजे नाव देऊन दामाची फेड होत नाही. ज्याचे पोट भरलेले आहे, त्याला नाव मोठे वाटते.

उलट नुसत्या दामानेही भागत नाही. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ साली अमेरिकेत रटगर्स येथे अल्बर्ट शॅट्झ या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपले गुरू सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत शोधले. दोघांनी पेटंट संस्थेला देऊन टाकले. पुढे शिष्याला कळले, की गुरूंना त्यातून उत्पन्न मिळते आहे. १९५० साली तो कोर्टात गेला. त्याच वर्षी तडजोड झाली. तो सहशोधक ठरला आणि त्याला उत्पन्नाचा तीन टक्के वाटा मिळाला. १९५२ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या गुरूंना मिळाले, आणि गुरूवर फिर्याद करणारा विद्यार्थी म्हणून शॅट्झची पुढची वाट अवघड झाली. त्या तडजोडीतली एक गोष्ट मला विशेष वाटते. प्रयोगशाळेतल्या इतर मंडळींनाही थोडाथोडा वाटा ठरला, आणि त्यात काचेची भांडी धुणारा माणूसही होता. भांडे नीट धुतलेले नसेल तर प्रयोग फसतो, हे मी शाळेतल्या प्रयोगशाळेत शेकडो वेळा पाहिले आहे. पण भांडी धुणाऱ्याचा वाटा असतो, हे मला कधी सुचले नाही.

राहिले दार. इन्शुलिन शोधणाऱ्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या तिघांनी १९२३ साली आपले हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला विकले. हेतू असा, की दुसऱ्या कोणी मक्तेदारी करून मधुमेहाच्या रोग्यांपुढे दार लावू नये. तिथे विद्यापीठ राखणदार झाले. तर १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम बरी करण्याचे पेटंट मिळाले. शोधक म्हणून त्यावर नावे होती ती भारतीय वंशाच्या दोघा संशोधकांची. भाजीच्या विळीने बोट कापले म्हणजे हळद दाबणाऱ्या आपल्या आयाबायांना आपण कोणाच्या मालकीची विद्या वापरतो हे ठाऊक नव्हते! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुढे ठेवला आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. तिथे विद्यापीठ राखणदार नव्हते, दुसऱ्याच्या अंगणाला कुंपण घालणारे होते. तेव्हा मालकी विद्यापीठाची असावी की नाही, एवढेच विचारून पुरत नाही. ते त्या मालकीचे काय करणार, हेही सही करण्याआधीच विचारले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाचीला हे सगळे सांगितले. ती मुकाट्याने ऐकत होती. हळदीची गोष्ट आली तेव्हा तिचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने म्हणाली, "मामा, एक सांगू? चकत्यांची युक्ती माझी पूर्ण नाही. मी रावेर तालुक्यात पाहणीला गेले होते. तिथे एक म्हातारी आजी चकत्या ताकात बुडवून मग उन्हात घालीत होती. मी विचारले, तर म्हणाली, सासूने शिकवले. ताकातल्या आंबटपणाने काळे पडणे थांबते, हे मी प्रयोगशाळेत तपासले. किती आंबट, किती वेळ, मग कसे वाळवायचे, हे दोन वर्षे खपून ठरवले. पण आजींचे नाव मी कुठेच लिहिलेले नाही."

मी काय बोलणार? सही घेणारी संस्था आणि सही करणारी भाची, एवढे दोघेच पक्ष आहेत असे धरून मी रात्रभर न्याय करीत होतो. तिसरी एक बाई रावेरच्या उन्हात चकत्या पालथ्या घालीत बसली होती, ती आम्हा दोघांच्याही लक्षात आली नव्हती. आणि संस्थेने अन्याय केला तर तो जसा वरून खाली येतो, तसा तो भाचीच्या हातून आणखी एक पायरी खाली उतरणार होता.

त्याच दिवशी मी कसब्यात नानाच्या मुलाकडे गेलो. तो आता सत्तरीला टेकला आहे. नाना जाऊन बरीच वर्षे झाली. मी ओसरीवर बसलो आणि प्रशस्तिपत्राची गोष्ट काढली. म्हटले, त्यावर नाव तुमच्या वडिलांचे हवे होते, हे सांगायला आलो आहे. मला वाटले होते, त्याला गहिवरून येईल. नेहमी असेच वाटते.

तो म्हणाला, "नावाचं आता काय घेऊन बसलात, भाऊ! त्या साली बापाची उचल फिटली नव्हती. आत्याच्या लग्नाला घेतली होती. ती फिटेना म्हणून पुढची दोन सालं तुमच्याकडेच काढली त्यानं, नाहीतर जळगावला गिरणीत लागत होता. बक्षिसाच्या वेळी तुमच्या बाबांनी तेवढी उचल सोडून दिली असती, तर मी शाळा शिकलो असतो."

मी खाली पाहत राहिलो. त्याने आतून चहा मागवला. मग आपण होऊन म्हणाला, "पण पाभर चालली हो. गावभर चालली. ट्यूबचा तुकडा कोण विकत घेतो? ज्यानं त्यानं बांधला. बाप रस्त्यानं जाता जाता लोकांच्या पाभरी पाहायचा, आणि तुकडा उलटा बांधला असला तर थांबून सरळ करून द्यायचा."

शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या त्या माणसाने माझ्या तिन्ही गोष्टी क्रमाने सांगितल्या, आणि त्यांतली कोणती कोणाला किती जड असते तेही सांगितले. नाव कोणाचे हा प्रश्न माझा होता, कारण चौकट माझ्या भिंतीवर होती. दाम कोणाचा हा प्रश्न त्याचा होता, कारण किंमत त्याने भरली होती. आणि दार उघडे राहिले याचा आनंद नानाचा होता. मालकीचे कागद लिहिणाऱ्यांच्या हाती बळ असते. त्यांनी कागद लिहिताना समोरच्याला यांतले काय हवे आहे, हे त्याच्याच तोंडून ऐकावे. आपल्याला जे देणे सोपे, ते देऊन मोकळे होऊ नये. माझ्या वडिलांना धोतर देणे सोपे होते. मला नाव देणे सोपे होते.

भाचीला मी शेवटी म्हटले, "सही कर. प्रकल्प बुडवून कोणाचेच भले नाही. पण सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचार. शोधक म्हणून नावे कोणाची लागणार. उत्पन्न आले तर वाटा कोणाकोणाला आणि किती. आणि गावातल्या बायकांना घरच्या घरी ही रीत वापरता येईल ना, त्यांच्यावर कोणी बंदी तर आणणार नाही? आणि हे विचारशील तेव्हा रावेरच्या आजीला तुझ्या आधी धर."

ती परत गेली. महिन्याभराने तिचा फोन आला. बायकांना घरगुती वापराला मोकळीक राहील, हे संस्थेने लिहून दिले आहे. आजींचे ऋण प्रबंधात आणि अर्जात स्पष्ट नोंदवायचे, हेही ठरले. वाट्याचा प्रश्न मात्र विचाराधीन आहे. आजी काही संस्थेच्या नोकर नाहीत, तेव्हा त्यांना कोणत्या सदराखाली द्यायचे, असे कार्यालयाने विचारले आहे. दामाची गोष्ट नेहमी अशी सदराशी येऊन अडते. भाची म्हणाली, मी चिकाटी सोडणार नाही. ती रावेरला जाऊन आजींना सांगूनही आली. आजी म्हणाल्या, "ताक जास्त आंबट घेऊ नको गं, चव जाते." हे तिच्या दोन वर्षांच्या प्रयोगांत निघाले नव्हते. त्यावर ती आता पुन्हा काम करते आहे.

वडिलांचे प्रशस्तिपत्र मी भिंतीवरून काढलेले नाही. ते माझे वडील होते. कष्टाळू होते, आणि त्यांच्या काळात ज्याला न्याय म्हणत तो त्यांनी केला. चौकटीच्या खाली मी एक पट्टी लावली आहे. पाभरीची ही युक्ती कोणाची, हे नानाच्या पूर्ण नावानिशी तीवर लिहिले आहे. येणारेजाणारे ती वाचतात आणि विचारतात. उचलीचा हिशेबही काढला. त्याचे पुढे काय केले, ते येथे सांगणे शोभणार नाही. एवढेच सांगतो, की नानाचा पणतू यंदा जळगावच्या त्या विद्यापीठात शिकायला गेला आहे. उद्या तोही काही शोधील आणि त्याच्यापुढेही चार पानांचा कागद येईल. त्याने तो नीट वाचावा, आणि वाचताना आपल्या पणजोबाची पाभर आठवावी.